नायट्रेट शून्य, फॉस्फेट चढे आणि खडकांवर केसाळ शेवाळ: रीफ टाकीतील पोषकद्रव्यांचा तोल कसा साधावा?

पुळण (ठाणे)

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे तीन फूट लांबीची खाऱ्या पाण्याची रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांचे मत्स्यालय आहे. संप (गाळण्याची जोडटाकी) धरून आणि खडकांनी व्यापलेली जागा वजा करून प्रत्यक्ष पाणी सुमारे १८० लिटर भरते. टाकी सुरू होऊन वर्ष होत आले. खडक पूर्णपणे कोरडे घेतले होते आणि तळाला अ‍ॅरागोनाइटची वाळू आहे. मासे चारच आहेत: दोन क्लाउनफिश, एक रॉयल ग्रामा आणि एक फायरफिश. प्रवाळांमध्ये झोअँथिड, ग्रीन स्टार पॉलिप, एक हॅमर आणि मोंटिपोराचे दोन फ्रॅग (रुजवायला घेतलेले छोटे तुकडे) आहेत. स्किमर (फेसातून घाण वेगळी करणारे यंत्र) चोवीस तास चालतो, संपमध्ये बायोपेलेटचा रिअ‍ॅक्टर आहे आणि शेजारच्या कप्प्यात चेटो या सागरी शेवाळाचा गोळा दिव्याखाली ठेवलेला आहे. चिलर नाही, पाण्यावर पंखे लावून तापमान २७ अंशांच्या आसपास राखतो. दिवा रोज दहा तास चालू असतो.

अडचण अशी आहे की खडकांच्या वरच्या अंगाला बोटभर लांबीचे हिरवे केसाळ शेवाळ वाढले आहे. हाताने उपटून काढले तरी आठवड्याभरात ते पुन्हा तेवढेच होते. वाळूवर एक तपकिरी थर धरतो, जो दुपारपर्यंत दाट होतो, त्यात बारीक बुडबुडे अडकलेले दिसतात आणि रात्री तो विरळ होतो. मोंटिपोराचा रंग फिका पडत चालला आहे आणि हॅमर पूर्वीसारखा फुलत नाही.

पाण्याचे आकडे असे आहेत: खारेपणा ३५ पीपीटी (हजारातले भाग), अल्कलिनिटी (आम्ल पेलण्याची पाण्याची क्षमता) ८.९ डीकेएच, कॅल्शियम ४३० आणि मॅग्नेशियम १३५० पीपीएम (दहा लाखांतले भाग). नायट्रेट रंगाच्या संचावर शून्य येते आणि फॉस्फेट हॅना कंपनीच्या चेकर या मापनयंत्रावर ०.२१ पीपीएम येते. मासे दिवसातून दोनदा फ्लेक खातात आणि अधूनमधून गोठवलेले मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव) देतो. बाष्पीभवनाची भर घरच्या आरओच्या पाण्याने घालतो आणि मीठही त्याच पाण्यात कालवतो.

नायट्रेट शून्य असताना हे शेवाळ कशावर पोसले जाते, हे मला समजत नाही. फॉस्फेट उतरवण्यासाठी जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे) भरपूर प्रमाणात घालून मोकळे व्हावे काय? काही अनुभवी मंडळींनी उलट नायट्रेट विकत आणून पाण्यात घालण्याचा सल्ला दिला आहे; शेवाळ माजलेल्या टाकीत आपणच खत घालावे हे माझ्या मनाला पटत नाही. कृपया कारणांसह मार्गदर्शन करावे.

सागरगोटा (पुणे)

आपण आकडे आणि देखभाल नीट लिहिल्यामुळे विचार करणे सोपे झाले आहे. आधी त्या शून्याबद्दल लिहितो, कारण बाकी सगळे त्यावरच अवलंबून आहे.

तपासणी संच पाण्यात उरलेले नायट्रेट दाखवतो. दिवसभरात टाकीत किती नायट्रोजन आला आणि तो कोणी उचलला, हे त्याला कळत नाही. पासबुकातली शिल्लक पाहून घरात महिन्याला किती पैसा येतो आणि जातो हे सांगता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. मासे नायट्रोजन मुख्यत्वे कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात सोडतात. जिवाणूंनी त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करण्यापूर्वीच शेवाळ तो अमोनिया उचलू शकते, आणि शेवाळाची पसंतीही त्यालाच असते, कारण नायट्रेट वापरायचे तर ते आधी ऊर्जा खर्चून पुन्हा अमोनियापर्यंत आणावे लागते. चार माशांना दोन वेळ खाऊ घातले जाते तेव्हा नायट्रोजनचा ओघ चालूच असतो. तो फक्त नायट्रेटच्या टप्प्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून आपले शून्य हे पाण्यात काहीच नसल्याचे लक्षण नसून जे येते ते लगेच संपत असल्याचे लक्षण आहे, आणि या ओढाताणीत पाण्यावर घट्ट ताबा आहे तो खडकांवरच्या शेवाळाचा. प्रवाळांच्या पेशींत राहणाऱ्या एकपेशीय शैवालाला त्यातून फारसे मिळत नाही आणि मोंटिपोरा फिका पडतो.

फॉस्फेट मात्र का उरते? येथे बायोपेलेटकडे पाहावे लागेल. त्या गोळ्या म्हणजे जिवाणूंना पुरवलेला घन कार्बन होय. त्यावर वाढणारे जिवाणू पाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस दोन्ही घेतात, पण नायट्रोजन कितीतरी जास्त घेतात. शिवाय ज्या थरांत ऑक्सिजन पोहोचत नाही तेथे नायट्रेटचा वायुरूप नायट्रोजन होऊन तो निघून जातो, आणि या क्रियेत फॉस्फेट जराही कमी होत नाही. त्यामुळे नायट्रेट आधी तळाला जाते, मग जिवाणूंची वाढच खुंटते आणि फॉस्फेट जिथल्या तिथे राहते. चेटोचेही असेच होते. आपला चेटोचा गोळा गडद हिरवा आणि चरचरीत आहे की फिकट, मऊ आणि तुटका झाला आहे, हे जरूर कळवा. तो फिका असेल तर त्यालाही नायट्रोजन कमी पडतो आहे आणि म्हणून तो फॉस्फेटही उचलत नाही, असे समजायला हरकत नाही.

फॉस्फेट येते कोठून, याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. कोरड्या खाद्यात साधारणपणे १ टक्का फॉस्फरस असतो. म्हणजे १ ग्रॅम फ्लेकमध्ये १० मिलिग्रॅम फॉस्फरस, फॉस्फेटच्या भाषेत सुमारे ३० मिलिग्रॅम. आपल्या १८० लिटर पाण्यात ०.२१ पीपीएम या प्रमाणाने एकूण ३८ मिलिग्रॅम फॉस्फेट आहे. सव्वा ग्रॅम फ्लेकमध्ये जेवढे असते तेवढेच आज आपल्या सगळ्या पाण्यात आहे! खाल्लेल्या खाद्यातला काही भाग माशांच्या हाडामांसात जातो, काही स्किमर उचलतो, पण उरलेला पाण्यात, शेवाळात किंवा खडकात जाऊन बसतो.

खडकांचा मुद्दा तर सर्वांत महत्त्वाचा आहे. खडक आणि वाळू दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटची आहेत आणि फॉस्फेट त्या पृष्ठभागाला चिकटून राहते. पाण्यात प्रमाण वाढले की खडक ते धरून ठेवतात, पाण्यात उतरले की सोडू लागतात. म्हणून पाणी बदलून फॉस्फेट कमी झाल्यासारखे वाटते आणि दोन-तीन दिवसांत आकडा पूर्वपदावर येतो. जीएफओ भरपूर घातल्यास पाण्यातले प्रमाण एकदम कोसळेल, प्रवाळांना धक्का बसेल, आणि जीएफओ थकताच खडक ते पुन्हा वर आणतील. मधल्या काळात नायट्रेटही शून्य आणि फॉस्फेटही शून्य अशी अवस्था आली तर डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) या एकपेशीय जीवांना मोकळे रान मिळण्याचा धोका खरा आहे. इतर सूक्ष्मजीव उपाशी राहून मागे हटतात तेव्हाच ते फोफावतात, आणि त्यांच्यापुढे केसाळ शेवाळ बरे असे म्हणण्याची पाळी येते.

वाळूवरचा थर नेमका कशाचा आहे हे ठरल्याशिवाय मात्र कोणताही उपाय सुरू करू नका. बुडबुडे असलेला तपकिरी थर डायनोंचा असू शकतो, डायटम या एकपेशीय शैवालाचाही असू शकतो. साधे सूक्ष्मदर्शक मिळाले तर ४०० पट मोठे करून थेंबभर नमुना पाहा. डायटम होडीच्या आकाराचे, काचेसारख्या कवचाचे असतात आणि सरळ रेषेत घसरत जातात. डायनोंपैकी ऑस्ट्रिऑप्सिस थेंबाच्या आकाराचा असतो आणि एका टोकाने बांधल्यासारखा जागच्या जागी गोल फिरतो. अ‍ॅम्फिडिनियम चपटा, लंबगोल असून वाटेल तसा भरकटत पोहतो. सूक्ष्मदर्शक नसेल तर नमुना बाटलीत जोरात हलवून कॉफीच्या गाळणकागदातून गाळा आणि खाली आलेले स्वच्छ पाणी तासभर उजेडात ठेवा. डायनो असतील तर ते पुन्हा एकमेकांना चिकटून तंतू धरू लागतात.

खाडीकाठ (मुंबई)

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. मला फक्त पाण्याच्या उगमाबद्दल लिहायचे आहे, कारण आपल्याकडे या गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होते.

पिण्यासाठी बसवलेल्या बहुतेक घरगुती आरओ यंत्रांत टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर असतो. मेंब्रेनमधून आलेले शुद्ध पाणी चवीला सपक लागते, म्हणून त्यात थोडे न गाळलेले पाणी परत मिसळण्याची ती सोय असते. काही यंत्रांत क्षार घालणारे कार्ट्रिजही असते. पिण्यासाठी हे ठीक आहे, रीफ टाकीसाठी नाही. नळीचा जोड मेंब्रेनच्या लगेच पुढून, कंट्रोलरच्या आधी घ्यावा आणि त्यापुढे डीआय रेझिनचे (उरलेले क्षार शोषणारे) कार्ट्रिज लावावे. रेझिनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य असला पाहिजे.

पण मीटरवर शून्य दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये. सिलिकेट पाण्यात जवळपास विद्युतभारविरहित रूपात असते, त्यामुळे वाहकता मोजणाऱ्या मीटरला ते दिसत नाही. रेझिन थकू लागले की सर्वांत आधी निसटणाऱ्यांत सिलिकेट असते, आणि तेव्हाही मीटर शून्यच दाखवत असतो. डायटमांना कवचासाठी सिलिकेटच लागते.

आपण पंख्यांनी टाकी थंड ठेवता, म्हणजे बाष्पीभवन भरपूर होत असणार. तीन फुटी टाकीतून दिवसाला तीन लिटर पाणी उडाले तर महिन्याला ९० लिटर, म्हणजे टाकीतल्या पाण्याच्या निम्मी भर पडते. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी. भरीच्या पाण्यातून आलेले नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आणि तांबे मागेच राहते आणि महिन्यागणिक साठत जाते. सोसायटीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी मिसळत असेल तर हा प्रश्न आणखी वाढतो. आपल्या यंत्रातून आलेल्या पाण्याचा टीडीएस मोजून येथे लिहावा.

शिंपला (दुबई)

आतापर्यंतची सगळी चर्चा पाण्यात काय आहे याभोवती फिरते आहे. माझे मत थोडे वेगळे आहे: आपल्या टाकीत शेवाळ खाणारे तोंडच नाही. मासे चार, पण त्यांत एकही शाकाहारी नाही, आणि गोगलगायींचा उल्लेखही नाही.

जमैकाचे उदाहरण या संदर्भात प्रत्येक रीफपालकाला ठाऊक असावे असे मला वाटते. तेथे दशकानुदशके झालेल्या मासेमारीमुळे शेवाळ खाणारे मासे कमी झाले होते आणि चरण्याचे काम डायडेमा जातीच्या लांब काट्यांच्या सागरी अर्चिनवर येऊन पडले होते. १९८३-८४ मध्ये एका रोगाने संपूर्ण कॅरिबियन समुद्रात हे अर्चिन जवळजवळ नाहीसे झाले. त्यानंतर काय झाले ते प्रवाळांचे अभ्यासक टेरी ह्यूज यांनी १९९४ मध्ये मांडले: १९७० च्या दशकाच्या अखेरीस जमैकाच्या रीफवर प्रवाळांचे आच्छादन सुमारे ५२ टक्के आणि शेवाळाचे ४ टक्के होते, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रवाळ ३ टक्क्यांवर आले आणि शेवाळ ९२ टक्क्यांवर गेले. चक्रीवादळांनीही त्यात हात दिला. समुद्रातल्या पोषकद्रव्यांचा वाटा किती यावर पुढे पुष्कळ वाद झाला, पण चरणारे गेल्यावर काय होते हे त्या आकड्यांत लख्ख दिसते. निरोगी रीफवरही शेवाळ सतत वाढतच असते. ते दिसत नाही, कारण ते वाढताच खाल्ले जाते.

म्हणून मी ०.२१ या आकड्याने घाबरून जाणार नाही. याहून अधिक फॉस्फेटवर वर्षानुवर्षे सुंदर चालणाऱ्या टाक्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या सर्वांत चरणाऱ्यांची फौज मोठी होती. आपल्या टाकीसाठी ट्रोकस गोगलगायी सर्वांत चांगल्या. उलट्या पडल्या तरी त्या स्वतः सरळ होतात. अ‍ॅस्ट्रियाला ते सहसा जमत नाही आणि ती पालथी पडून मरते. वाळूसाठी सेरिथ गोगलगायी ठेवाव्यात. एक टक्सिडो अर्चिन खडक अगदी कोरून स्वच्छ करतो, फक्त सैल ठेवलेले फ्रॅग तो पाठीवर घेऊन फिरतो, तेव्हा ते आधी चिकटवून घ्यावेत. शेवाळ खाणारा सॅलेरियस ब्लेनी मासा या आकाराच्या टाकीत मावेल. टँग किंवा फॉक्सफेस मात्र तीन फुटांत ठेवू नये, त्यांना पोहायला लांबी लागते.

आणखी एक सांगतो. बोटभर लांब झालेले शेवाळ गोगलगायी खात नाहीत, त्या फक्त कोवळी खुरटी वाढ खरवडतात. म्हणून आधी हातांनी उपटणे अटळ आहे. सुटे होणारे खडक बाहेर काढून, टाकीच्याच पाण्याच्या बादलीत धरून, जुन्या दातांच्या ब्रशने घासावेत, म्हणजे तुटलेले तुकडे टाकीत पसरत नाहीत. जे हलवता येत नाहीत तेथे पाणी बदलताना सायफनच्या नळीचे तोंड शेवाळाच्या बुडाशी धरावे आणि उपटता उपटता ओढून घ्यावे. उपटलेले प्रत्येक मूठभर शेवाळ म्हणजे टाकीबाहेर गेलेला नायट्रोजन आणि फॉस्फरस आहे.

नायट्रेट विकत आणून घालण्यापेक्षा माशांना थोडे अधिक खाऊ घालावे, प्रवाळांनाही त्यातून अन्न मिळते, असे माझे मत आहे.

पुळण (ठाणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण विचारलेल्या गोष्टी पाहून लिहितो आहे.

चेटोचा गोळा खरोखरच फिकट पोपटी आहे आणि हात लावताच त्याचे तुकडे पडतात. घरच्या यंत्रात टीडीएस कंट्रोलर आहे. त्यातून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस ३८ आला. तंत्रज्ञाकडून मेंब्रेनच्या पुढची नळी वेगळी काढून घेतली तेव्हा तो ५ वर आला. डीआय कार्ट्रिज मागवले आहे.

वाळूवरच्या थराचा नमुना ओळखीच्या एका महाविद्यालयीन प्राध्यापकांकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. बहुतेक पेशी सोनेरी तपकिरी, निमुळत्या होडीसारख्या आहेत आणि एका सरळ रेषेत हळूहळू सरकतात. गोल फिरणारे किंवा भरकटणारे काही दिसले नाही. केसाळ शेवाळाचे धागे साधे, न फांदलेले आहेत, पिसासारखी रचना नाही.

आता क्रम काय ठेवावा? अधिक खाद्य द्यावे की नायट्रेट घालावे, यावर दोन मते दिसतात.

किनारा (कुडाळ)

एक सूचना करावीशी वाटते. कोरड्या खडकांवर जीवसृष्टी तोकडी असते. मालवणकडे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळावरून एखादा जिवंत दगड आणून संपमध्ये ठेवला तर सूक्ष्म जीव, कोपेपॉड आणि किडे आपोआप येतील. त्याचा उपयोग होईल काय?

खाडीकाठ (मुंबई)

जीवसृष्टीच्या वैविध्याचा मुद्दा योग्य आहे, पण हा मार्ग कृपया कोणीही धरू नये. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्व कठीण प्रवाळांना अनुसूची १ चे संरक्षण दिलेले आहे. ते जिवंत असोत वा मृत, किनाऱ्यावरून उचलून आणणे गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या किनाऱ्यावरच्या प्रवाळांची स्थिती इतकी नाजूक आहे की छंदासाठी तेथून एक खडाही कमी होऊ नये, असे मला मनापासून वाटते. कोपेपॉड हवे असतील तर ते संवर्धन करणाऱ्यांकडून घ्यावेत, किंवा जुनी, निरोगी टाकी असलेल्या एखाद्या मित्राकडून चमचाभर वाळू आणि मूठभर चेटो मागावा. जे हवे ते सगळे त्यात असते. फक्त त्या मित्राच्या टाकीत एप्टेशिया (उपद्रवी समुद्रफूल) किंवा व्हॅलोनिया शेवाळाचे हिरवे फुगे नाहीत ना, एवढे पाहून घ्यावे.

नळी वेगळी करून टीडीएस ३८ वरून ५ वर आला हे ऐकून आनंद झाला. वाळूवर डायटम का आहेत याचे उत्तर बहुधा त्यातच आहे. डीआय लागल्यावर नवे सिलिकेट येणे थांबेल आणि असलेले वापरून संपल्यावर थर आपोआप ओसरेल. त्यासाठी वेगळे औषध घालू नये.

सागरगोटा (पुणे)

सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घेतलेत हे फार चांगले झाले. डायटम असल्यामुळे आपल्याला घाई करण्याचे कारण उरलेले नाही. धागे पिसासारखे नाहीत म्हणजे ब्रायॉप्सिस हे चिवट शेवाळही नाही, त्यामुळे फ्लुकोनॅझोलसारख्या औषधाचा विचार येथे करण्याची गरज नाही.

शिंपला यांचा चरणाऱ्यांबद्दलचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि माझ्या पहिल्या उत्तरापेक्षा तो या टाकीसाठी अधिक निकडीचा आहे. खाद्य वाढवण्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. खाद्यातून नायट्रोजन येतो तसा फॉस्फरसही येतो, आणि आपल्याकडे कमतरता एकाचीच आहे. ज्या टाकीत दोन्ही आकडे तळाला आहेत तेथे मीही खाद्यच वाढवायला सांगितले असते. येथे नायट्रेट वेगळे देणे अधिक नेमके ठरेल. हे खत आहे हे खरेच, पण शेवाळाला त्याचा नायट्रोजन आधीपासूनच अमोनियातून मिळतो आहे. नव्या नायट्रेटचा खरा लाभ होईल तो चेटोला, जिवाणूंना आणि प्रवाळांना, आणि ते वाढताना फॉस्फेटही सोबत उचलतील.

सुरुवात बायोपेलेटपासून करावी. रिअ‍ॅक्टर एकदम बंद न करता गोळ्या दर आठवड्याला थोड्या थोड्या कमी कराव्यात. एकाएकी बंद केल्यास त्यांवरचे जिवाणू मरून पाण्यात येतील. त्याच आठवड्यात हातांनी शेवाळ काढून गोगलगायी सोडाव्यात. हे दोन्ही करूनही पंधरा दिवसांनी नायट्रेट शून्यच असेल तर प्रयोगशाळेच्या दर्जाचे सोडियम नायट्रेट घ्यावे. २५ ग्रॅम सोडियम नायट्रेट डीआय पाण्यात विरघळवून एकूण १ लिटर द्रावण केले तर त्यातील १० मिलिलिटरने आपल्या १८० लिटर पाण्यात नायट्रेट सुमारे १ पीपीएमने वाढते. रोज १० मिलिलिटरपासून सुरुवात करून एक दिवसाआड मोजावे. पहिले काही दिवस घातलेले सगळे गायब होईल आणि संच शून्यच दाखवील. त्यामुळे मात्रा दुप्पट-तिप्पट करण्याचा मोह होतो, तो टाळावा. आकडा २ ते ५ च्या दरम्यान स्थिरावला की मात्रा कमी करत जावी.

या काळात फॉस्फेटवर बारीक लक्ष ठेवावे, कारण नायट्रोजनची अडचण दूर होताच ते झपाट्याने उतरू शकते. नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट अत्यल्प ही जोडी प्रवाळांना शून्याइतकीच वाईट आहे. साउदॅम्प्टन विद्यापीठातील योर्ग वीडेनमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की नायट्रोजन वाढून फॉस्फेटची उपासमार झालेले प्रवाळ उष्णतेला आणि प्रखर उजेडाला अधिक लवकर बळी पडून पांढरे पडतात. आपली टाकी २७ अंशांवर, पंख्यांच्या भरवशावर चालते, म्हणून ही गोष्ट आपल्याला विशेष लागू आहे. फॉस्फेट ०.०५ च्या खाली जाऊ लागल्यास चेटोचा दिवा कमी वेळ लावावा.

उलट, महिना-दीड महिना उलटूनही ते ०.१५ च्या वरच राहिले तर जीएफओ वापरावे, पण डब्यावर सांगितलेल्या मात्रेच्या चौथाई प्रमाणात, आणि दर आठवड्याला ०.०३ हून अधिक उतरणार नाही अशा बेताने. खडकांत साठलेले फॉस्फेट बाहेर यायला महिने लागतात, ते धरूनच चालावे.

मोजमापाबद्दल दोन गोष्टी. हॅनाच्या काही चेकरवर फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जातले भाग) येतो, तो ३.०६६ ने गुणून १००० ने भागला की फॉस्फेट पीपीएममध्ये मिळते. त्या यंत्राची ठरलेली चूक ५ पीपीबी आणि वर नोंदीच्या ५ टक्के इतकी आहे, म्हणजे फॉस्फेटच्या हिशेबात निदान ०.०१५ पीपीएम. आज ०.२१ वर त्याने फरक पडत नाही, पण पुढे ०.०२ दिसू लागले तर खरा आकडा शून्याजवळही असू शकतो. यंत्र शून्यावर आणताना आणि मोजताना काचनळी एकच ठेवावी, तिच्यावरची खूण दोन्ही वेळा एकाच दिशेला असावी, आणि बोटांचे डाग व आतले बुडबुडे जाऊ द्यावेत. यातल्या एखाद्या गोष्टीनेही आकडा हलतो.

नायट्रेट आणि फॉस्फेट यांचे गुणोत्तर अमुकच हवे, असे सांगणारे कोष्टक कोणी पाठवले तर त्याच्या मागे लागू नये. समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ पासून मांडलेले प्रमाण, म्हणजे फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे १६ आणि कार्बनचे १०६ अणू, हे समुद्रातल्या प्लवकांची (तरंगत्या सूक्ष्म जीवांची) सरासरी आहे. तळाला चिकटून वाढणाऱ्या सागरी वनस्पतींसाठी अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ यांना १९८३ मध्ये १ : ३० : ५५० असे प्रमाण आढळले. खडकावरचे शेवाळ दुसऱ्या गटात मोडते. थोडक्या फॉस्फरसवर ते भागवून घेते, म्हणून फॉस्फेट आवळून त्याला उपाशी मारायला गेल्यास आधी प्रवाळच उपाशी राहतात.

अल्कलिनिटी ८.९ वरून हळूहळू ८ च्या आसपास आणावी. पोषण तोकडे असताना चढी अल्कलिनिटी कठीण प्रवाळांच्या कडा जाळते. फ्लेक दिवसातून एकदाच द्यावे. मायसिस आरओच्या पाण्यात वितळवून, चहाच्या गाळणीत धुऊन मगच द्यावे. दिवा दहाऐवजी आठ तास लावावा आणि पांढऱ्या पट्ट्याची तीव्रता थोडी उतरवावी.

शिंपला (दुबई)

सोडियम नायट्रेटचा हिशेब पाहिला. कमतरता एकट्या नायट्रोजनचीच आहे हा मुद्दा मला पटला, या टाकीपुरती खाद्य वाढवण्याची सूचना मी मागे घेतो.

गोगलगायींबद्दल एवढेच जोडतो की सगळ्या एकदम सोडू नयेत. आठ-दहा ट्रोकसपासून सुरुवात करावी, कारण शेवाळ ओसरल्यावर मोठी फौज उपाशी मरते आणि एक मेलेली टर्बो गोगलगायदेखील या आकाराच्या टाकीत अमोनिया वाढवते. सोडण्यापूर्वी पाण्याचा खारेपणा थेंबाथेंबाने जुळवून घ्यावा. खारेपणातला फरक त्यांना माशांपेक्षा जास्त बाधतो. एखाद्या ठिकाणी शेवाळ अगदीच हटत नसेल तर डोलाबेला जातीचा सी हेअर (समुद्री गोगलगायीचा एक प्रकार) थोड्या काळासाठी कोणाकडून मागून आणता येतो. तो केसाळ शेवाळ अक्षरशः चरत सुटतो. वेव्हमेकरच्या (पाण्यात प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाच्या) जाळीवर मात्र आधी स्पंजचे आवरण घालावे, आणि खडक स्वच्छ दिसू लागताच तो शेवाळ असलेल्या दुसऱ्या टाकीत द्यावा.